धुवणातले काटे

निवतळ्याच्या खाडीत जिताडे पोटं वर करून तरंगत होते आणि पाणी तपासणारा पारखी मात्र आपला हिरवा दिवा लावून पाण्यावर मजेत डुलत होता.

ऊर्मिला होडीतून उतरली तेव्हा पिंजरेवाल्या साऱ्या बाया काठावर उभ्या होत्या. कुणी रडत नव्हतं. एकेक मासा हातभर लांब, दिवाळीच्या आत बाजारात जायचा, म्हणजे अगदी तोंडाशी आलेला घास. एकीने मेलेल्या माशाचे कल्ले उघडून तिच्यापुढे धरले. आतून रक्ताळून लिबलिबीत झाले होते. ऊर्मिलाने वळून पारख्याकडे पाहिलं. हिरवा म्हणजे पाणी निर्धोक. आदला सगळा आठवडा तो हिरवाच होता. आपलं यंत्र चुकलं असेल ही शंका तिच्या मनाला शिवलीसुद्धा नाही, आणि पुढे हीच गोष्ट तिला सगळ्यात जास्त लागली.

डॉ. ऊर्मिला गिरकर ही याच गावची, गाबित मच्छीमारांची लेक. समुद्रातली मासळी आटली आणि मोठ्या बोटी किनाऱ्याला लागून गंजायला लागल्या, तेव्हा ही गावं खाडीतल्या पिंजऱ्यांवर जगायला शिकली. तो धंदा बायांचा. पुरुष आखातातल्या बोटींवर गेले आणि बायांनी गट करून पिंजरे बांधले, जिताड्याची पिल्लं सोडली. जरा कुठे बस्तान बसतंय तोवर कल्लेमारी आली.

कल्लेमारी हे नाव बायांनीच ठेवलेलं. शास्त्रातलं नाव लॅटिन आणि लांबलचक, ते घेताना ऊर्मिलाचीही जीभ अडखळायची. हा एका पेशीचा जीव, धड वनस्पती नाही आणि धड प्राणीही नाही. उन्हावर पोट भरतो, नाही भरलं तर शेजाऱ्याला खातो. पोहायला दोन शेपट्या आणि त्यांच्यामध्ये एक आखूड दोरा. पाण्यातलं पोषण संपलं, पेशींची दाटी झाली की तो एक विष सोडतो आणि त्या विषाने माशांचे कल्ले फाटतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर नुसता पिवळट ठिपका. पंचाईत अशी की तसलेच ठिपके खाडीत आणखी कितीतरी जातींचे असतात, आणि त्या बहुतेक बिचाऱ्या निरुपद्रवी. जनुकांवरून निवाडा करावा तर या जाती इतक्या जवळच्या बहिणी की तिथेही घोळ.

खरी ओळख पटते ती खवल्यांवरून. या पेशींच्या अंगावर खवले असतात, हजार खवले एका ओळीत मांडले तरी तांदळाच्या कणीएवढी ओळ व्हायची नाही इतके बारीक. पेशी ते आपल्या पोटात घडवते आणि एकेक करून अंगावर चढवते. ते पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. बुरडाबुरडाची रोवळी वेगळी ओळखू यावी तशी प्रत्येक जातीच्या खवल्याची वीण वेगळी. कल्लेमारीच्या अंगावर खवल्यांचे दोन थर. आतले खवले सपाट, काठ दुमडलेल्या ताटलीसारखे. बाहेरच्या खवल्यांना मधोमध एक पोकळ काटा. काटे दिसले की कल्लेमारी, एवढं सोपं.

पारखी म्हणजे हे सगळं आपलं आपण करणारी तरंगती पेटी. ती खाडीतला थेंब उचलायची, पातळ पडद्यावर वाळवायची, त्याच्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकायची आणि दिसलेले खवले ऊर्मिलाने वर्षानुवर्षं जमवलेल्या चित्रांशी ताडून पाहायची. लाल दिवा लागला की साऱ्या बायांच्या फोनवर भोंगा वाजे आणि त्या पिंजरे दोरखंडांनी ओढत खाडीच्या मुखाशी, वाहत्या पाण्यात नेत. पारखी आला आणि मासे मरायचे थांबले. वर्तमानपत्रांनी ऊर्मिलाला डोक्यावर घेतलं. पण गावातल्या बायांना आधी या पेटीवर भरवसा ठेवायला लावला तो तिच्या वहिनीने, चारुशीलाने. आमची उर्मी सांगते म्हणजे खरं, एवढंच ती म्हणाली होती, आणि तेवढं पुरलं होतं.

पारख्याच्या कामात मधली एक पायरी ऊर्मिलाच्या गुरूंची, सोहनी सरांची. खारं पाणी वाळलं की मीठ उरतं आणि चित्रात खवल्यांऐवजी मिठागर दिसतं. म्हणून थेंब वाळवण्याआधी गोड्या पाण्याने दोनदा धुवायचा. चित्र स्वच्छ हवं, अंधुक चित्रावरून निदान म्हणजे कुडमुड्या ज्योतिषाचा धंदा, असं सर प्रत्येक विद्यार्थ्याला सुनावत. ऊर्मिलाची चित्रं देशात सगळ्यात स्वच्छ. तिने ती धुण्याची रीत जशीच्या तशी पारख्यात उतरवली होती.

काही वर्षांपूर्वी, पावसाळा सरल्यावर, खाडीचं पाणी अजून निम्मं गोडं असताना, तिला नुसत्या सपाट खवल्यांची एक जात सापडली. काटा नाही. टाकीत तिच्यासोबत मासे ठेवले तर ते खुशाल पोहत राहिले. ऊर्मिलाने तिला लॅटिन रीतीने सरांचं नाव दिलं, सोहनीआय. ऐंशी ओलांडलेल्या सरांनी तिचं चित्र चौकटीत बसवून पुण्याच्या घरात बैठकीच्या खोलीत लावलं. पारख्यालाही शिकवण्यात आलं, की नुसते सपाट खवले म्हणजे सोहनीआय आणि सोहनीआय म्हणजे हिरवा.

आता मासे मेल्यावर गटाची बैठक बसली. कुणीतरी म्हणालं, पाणी चांगलं होतं हे तर पारखीच सांगतोय, मग उरलं काय? उरलं खाद्य. आणि त्या महिन्यात खाद्याची पाळी चारुशीलाची होती. ती खाद्यात हळद आणि कडुनिंबाचा रस कालवायची, माशांच्या अंगावर उवा होऊ नयेत म्हणून. दोन वर्षं तिच्या पाळीला तेच खाद्य घालून मासे टणटणीत होते, तेव्हा तिच्या हाताला गुण आहे असं सगळ्या म्हणत. आता त्याच एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणी भांडलं नाही. कुणी तिला बोल लावला असंही नाही. फक्त दुसऱ्या दिवशी खाद्याच्या खोलीची किल्ली तिच्याकडून मागून घेतली.

ती गोष्ट चारुशीलाच्या काळजाला लागली. ऊर्मिलाला ते बैठकीतच दिसलं, आणि वहिनीसाठी म्हणून तिने खाडीचं पाणी, मेलेले मासे, उरलेलं खाद्य असं सगळं बांधून मालवणला आपल्या संशोधन केंद्रात नेलं. हळदीने मासे मरत नाहीत एवढं सिद्ध केलं की झालं, असा तिचा हिशोब होता.

सोमवारी सकाळी तिने पाण्याची चित्रं काढली. सोहनीआय, सोहनीआय आणि सोहनीआय, एकीच्याही अंगावर काटा नव्हता. चित्रं लखलखीत होती. त्यातल्या एकाच्या कोपऱ्यात, कुठल्याच पेशीला न चिकटलेला, एकटाच एक काटेवाला खवला पडला होता. असल्या सुट्या खवल्याला कचरा समजून सोडून द्यायचं, हा पारख्याचा नियम तिनेच लिहिला होता. एरवी तिनेही सोडून दिला असता. पण या वेळी प्रश्न वहिनीचा होता म्हणून ती थांबली.

न धुतलेला थेंब लावून पाहिला तर नुसतं मीठ. मग तिने आयुष्यात कधी केली नव्हती अशी गोष्ट केली. थेंब धुतल्यावर निघालेलं पाणी, जे ती आणि तिच्या आधी सर बिनदिक्कत मोरीत ओतत आले होते, ते धुवण तिने अतिबारीक गाळणीतून गाळलं, मीठ पाण्याबरोबर जाऊ दिलं आणि वर उरलं ते पडद्यावर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं.

सगळे काटे तिथे होते. मूठभर वैरण विस्कटावी तसे, एकमेकांवर पडलेले, शेकडोंनी.

मग एकेक गोष्ट आपोआप जुळत गेली. निम्म्या गोड्या पाण्यात वाढलेल्या पेशींचा बाहेरचा थर सैल बसतो. त्यांना गोड्या पाण्याने धुतलं की तो गळून जातो आणि आतल्या साध्यासुध्या ताटल्या तेवढ्या उरतात. सोहनीआय नावाची जात जगात कधी नव्हतीच. ती कल्लेमारीच होती, अंगावरचे काटे उतरवलेली. टाकीत मासे जगले कारण टाकीत तिला पोटभर खायला मिळत होतं, आणि पोट भरलेलं असलं की ती विष सोडत नाही. पारख्याने काही खोटं सांगितलं नव्हतं. तो प्रत्येक थेंब नीट धुऊन, पुरावा मोरीत सोडून, तिने शिकवलं तेच पोपटासारखं बोलत होता.

ऊर्मिलाने पहिलं काम चोख केलं. किनाऱ्यावरच्या सगळ्या पारख्यांना तिने हुकूम धाडला, की सोहनीआय दिसली तरी लाल दिवा लावायचा. कारण म्हणून लिहिलं, देखभाल चालू आहे. संध्याकाळपर्यंत खाडीखाडीतले पिंजरे मुखाशी हलले. आता यामुळे एकही मासा मरणार नव्हता. तिला हायसं वाटलं, आणि तिथेच तिचा पाय घसरला.

कारण मासे वाचल्यावर घाई संपली. आता पुन्हा एकदा खात्री करू, दुसऱ्या खाडीचं पाणी तपासू, मग जाहीर करू. शास्त्रात असंच असतं, ती स्वतःला सांगत राहिली. केंद्राला पाठवायचं, चूक कबूल करणारं पत्र तिने लिहिलं आणि पाठवलं नाही. त्याआधी सरांना सांगायला हवं म्हणून फोन लावला. सर खुशीत होते. नातीच्या शाळेत कुणीतरी ‘आजोबांच्या जीवा’वर भाषण करणार होतं. जन्मभर दुसऱ्यांनी नावं दिलेल्या जाती ओळखत बसलो, आता माझ्या नावाची एक मागे राहील, असं म्हणून ते हसले. ऊर्मिलाने त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

एका बाईची किल्ली गेली होती, एवढंच नुकसान उरलं होतं. आणि तेही चार दिवसांत भरून येण्यासारखं. असं तिला वाटत होतं, निदान वाटून घेत होती.

गुरुवारी ती निवतळ्याला गेली. पाण्याचे नमुने घ्यायचे होते. वहिनीने जेवायला बोलावलं आणि नाही म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं. मासळी नव्हती. नुसतं कुळथाचं पिठलं आणि भात. हळद वाटायचा पाटा अंगणात भिंतीला टेकवून ठेवलेला दिसला. तो घरात नको झाला होता. चारुशीला तिच्यासमोर बसली, पण स्वतः जेवली नाही.

“हातांक अजून वास येता गो हळदीचो,” ती म्हणाली. “धुवन धुवन दमलंय, जायना.”

ऊर्मिलाने पिठल्यात भात कालवला.

“उर्मी, तू शिकलेला माणूस. खरा काय ता सांग. माज्याच हातान मेले मां ते?”

हे विचारताना तिने नजर वर केली नव्हती. उत्तर नाही असं मिळेल अशी तिला आशाच नव्हती. ती फक्त शिक्षा ऐकायला बसली होती. ऊर्मिला बोलली ती शहरातल्या भाषेत, केंद्रात पाहुण्यांशी बोलावं तशी. नणंद-भावजयीत ती भाषा कधी बोलली गेली नव्हती.

“तपासणी चालू आहे, वहिनी. इतक्यात काही सांगता येणार नाही.”

चारुशीलाने मान हलवली आणि तिच्या ताटात आणखी भात वाढला. ऊर्मिलाने तो सगळा खाल्ला.

शनिवारी गटातल्या एकीचा फोन आला. चारुशीला रविवारी रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालायला लावणार आहे, स्वतःच्या चुकीचं. कुणी तिला सांगितलं नव्हतं, तिचाच हट्ट. तू ये, तुझं ती ऐकते, असं ती बाई म्हणाली. ऊर्मिलाने पहिल्यांदा विचार केला तो पत्राचा. आज पाठवलं तर उद्या सकाळपर्यंत बातमी गावात पोचेल आणि आपल्याला जावंच लागणार नाही. मग स्वतःचाच तो विचार ऐकून तिची तिलाच शिसारी आली.

रविवारी देवळात गट झाडून आला होता. चारुशीला पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, नारळ पुढे ठेवून देवासमोर उभी होती. एका आठवड्यात ती दहा वर्षांनी म्हातारी दिसायला लागली होती. ऊर्मिला आली तशी तिने नुसतं ओठांनी हसल्यासारखं केलं, आलीस, बरं झालं, अशा अर्थाचं. बाबी गावकर हे गाऱ्हाणं घालणारे. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि हात जोडले.

“बा देवा रवळनाथा, ह्या तुजा लेकरू आज तुज्या पायाशी इला. खाडीत जी हानी झाली, ती हेच्या हातसून नकळत झाली असात...”

“व्हय म्हाराजा,” सगळ्यांनी म्हटलं. चारुशीलाचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

“तर ती चूक तू पोटात घाल...”

“चूक तिची न्हय,” ऊर्मिला म्हणाली. “माजी.”

गावकर थांबले. गाऱ्हाण्यात असं मध्ये कुणी बोलत नाही. पण ऊर्मिलाने एकदा तोंड उघडल्यावर बाकीचं आपोआप आलं. पाण्यात कल्लेमारीच होती. थेंब धुताना तिचे काटे वाहून जात होते. ते धुवण मी कधी पाहिलं नाही, आणि पारख्यालाही तेच शिकवलं, म्हणून तो हिरवा राहिला. हळदीचा काही संबंध नाही. खाद्याचा काही संबंध नाही. तिने ते मालवणीत सांगितलं, दोनदा सांगितलं, तांदळाच्या धुवणाची उपमा देऊन सांगितलं. बायांना कळलं. किल्ली जिच्याकडे होती ती पुढे झाली आणि चारुशीलाच्या पाठीवर हात ठेवून रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी रडत होतं.

चारुशीला रडली नाही. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रंग परत येत गेला. तिने स्वतःचे दोन्ही तळवे उलटे करून पाहिले. क्षणभर ऊर्मिलाला वाटलं, संपलं, सुटले.

“तुका ह्या कधी कळला?” चारुशीलाने विचारलं.

काल म्हणता आलं असतं. आज सकाळी म्हटलं असतं तर ते आणखी शोभलं असतं, धावतपळत आल्यासारखं. पडताळून पाहायला दुसरं कुणी नव्हतं आणि वहिनीने तिच्या शब्दावर आजवर कधी शंका घेतली नव्हती.

“सोमवारी,” ऊर्मिला म्हणाली.

चारुशीला मनातल्या मनात दिवस मोजत होती ते सगळ्यांना दिसलं. ती गुरुवारपर्यंत पोचली तेही ऊर्मिलाला दिसलं.

“माज्याकडे जेवलंस तेवा तुका ठावक होता.”

“व्हय.”

“मी तुका इचारलंय.”

“व्हय, वयनी.”

चारुशीलाने वाकून आपला नारळ उचलला. ती आता तो घेऊन घरी जाईल असं सगळ्यांना वाटलं. ऊर्मिलालाही वाटलं, आणि खरं तर तिला तेच हवं होतं. वहिनीने शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण चारुशीला दोन पावलं चालत आली आणि तिने तो नारळ ऊर्मिलाच्या हातात ठेवला. मग ती गावकरांकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. बाजारात भाव सांगताना असायचा तसा होता.

“गाराणा पुरा करा, बाबीकाका. नाव तेवडा बदला. आणि नकळत म्हनू नकात.”

गावकरांनी एकदा ऊर्मिलाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, तोच होकार समजून त्यांनी पुन्हा हात जोडले. गाऱ्हाणं पहिल्यापासून सुरू झालं, या वेळी तिच्या नावाने. प्रत्येक वाक्यानंतर सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते, आणि नारळ घट्ट धरून उभी असलेली ऊर्मिला त्या सगळ्या आवाजांत वहिनीचा आवाज येतोय का, ते कान देऊन ऐकत होती.